दुकानात तरंगलेले आणि घरी बुडालेले लाइफ जॅकेट

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यावर, वैनगंगेच्या पात्रात, दोन दिवस कॅनोने, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या लहान, अरुंद होडीने फिरायचे आणि रात्री काठावर तंबू टाकायचा, असा बेत आमच्या आणि भाऊजींच्या घराने मिळून ठरवला होता. माणसे सहा, आणि त्यांत ११ वर्षांची भाची, जिला अजून पोहता येत नाही. कॅनो भाड्याच्या असल्या तरी अंगावरचे आणि मुक्कामाचे सामान स्वतःचेच हवे, असा माझा आग्रह होता. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात नाव उलटून तरुण मुले बुडाली, ती बातमी मी विसरलेली नाही.

सीताबर्डीत दोन-तीन दुकाने पालथी घातल्यावर ओळखीतून एका विक्रेत्याचा पत्ता मिळाला. परदेशी निर्यातीतून उरलेला माल आपल्याकडे स्वस्तात मिळतो, असे त्याचे म्हणणे होते. त्याने माझ्यासमोर पाण्याने भरलेल्या ड्रममध्ये एक जॅकेट सोडले, त्याला तराजूचे ५ किलोचे लोखंडी माप दोरीने बांधले आणि ते जॅकेट मापासकट वरच राहिले. ‘‘पाहून घ्या ना ताई, नंतर म्हणू नका,’’ असे तो दोनदा म्हणाला, आणि खरे सांगायचे तर त्या वाक्यानेच माझा विश्वास बसला. सहा जॅकेट्स, चार ड्राय बॅग (सामान कोरडे ठेवणाऱ्या, पाणी न शिरणाऱ्या पिशव्या) आणि दोन तंबू यांचे २७,४०० रुपये झाले. पक्के बिल केले तर जीएसटी वेगळा लागेल, म्हणून त्याने साध्या कागदावर हिशेब लिहून दिला आणि तो मी घेतला. माल गोदामातून सीलबंद खोक्यांत आला. खोके इथे फोडले तर बदलून मिळणार नाही, असेही त्याने बजावले.

घरी आल्यावर मुलाने अंगणातल्या हौदात दोन जॅकेट्स सोडली आणि प्रत्येकाला तसेच ५ किलोचे माप बांधले. लोखंडाचे वजन पाण्यात सुमारे एक अष्टमांशाने कमी भरते, म्हणजे ते माप साधारण ४.४ किलोनेच खाली ओढते. जॅकेटवर ५० न्यूटन छापले होते, म्हणजे त्याने जवळपास ५ किलोचा भार पेलायला हवा होता. पहिला तासभर दोन्ही जॅकेट्स व्यवस्थित तरंगली. तिथेच आम्ही थांबलो असतो तर निर्धास्त होऊन वैनगंगेवर गेलो असतो. अंधार पडल्यामुळे ती हौदातच राहिली, आणि सकाळी पाहिले तर दोन्ही मापांसकट तळाशी होती. कोरडे असताना ४५० ग्रॅम भरलेले जॅकेट बाहेर काढून निथळल्यावरही ३ किलो भरले.

मी कात्रीने एकाची शिवण उसवली. आत पिवळसर स्पंजचे तुकडे होते, गादी-उशीत भरतात तसे, काहींना जुन्या कापडाचे धागे चिकटलेले. चांगल्या जॅकेटमध्ये बंद छिद्रांचा फोम असतो, ज्याच्या प्रत्येक छिद्रात हवा कोंडलेली असते आणि पाणी आत शिरू शकत नाही. स्पंजची छिद्रे एकमेकांना जोडलेली असतात. सुरुवातीला त्यांत हवा असते म्हणून तो तरंगतो, आणि शिवणीच्या भोकांतून पाणी झिरपत गेले की तोच माणसाला खाली ओढू लागतो. कापडावरून अंगठा दाबला तरी फरक जाणवतो: स्पंज पार चपटा होतो, तर बंद छिद्रांचा फोम थोडा दबून लगेच वर येतो. दुकानातल्या नमुन्याच्या आतले भरण वेगळेच असणार, कारण हाताला तो घट्ट लागला होता. लेबल मात्र दोन्हींवर हुबेहूब तेच होते.

आणखी एक खोटे मला नंतर कळले, आणि ते मला पैशांपेक्षा जास्त बोचते. ५० न्यूटनचे जॅकेट बेशुद्ध माणसालाही उताणे ठेवते, असे विक्रेत्याने भाचीकडे पाहत सांगितले होते. प्रत्यक्षात ५० न्यूटनचे साधन, म्हणजे आयएसओ १२४०२-५ या आंतरराष्ट्रीय मानकातले, पोहता येणाऱ्यासाठी आणि मदत जवळ असतानाच्या वापरासाठी असते. बेशुद्ध माणसाचे तोंड पाण्याबाहेर ठेवण्याची हमी ते देत नाही. न पोहणाऱ्या मुलीला किमान १०० न्यूटनचे, मानेमागे कॉलर असलेले आणि जांघेतून पट्टा घेणारे, तिच्या वजनाच्या मापाचे जॅकेट हवे होते.

बाकी सामानही त्याच जातीचे निघाले. ड्राय बॅगमध्ये हवा भरून, तोंड तीन वेळा गुंडाळून, क्लिप लावून ती पाण्याखाली दाबल्यावर तळाच्या शिवणीतून बुडबुडे आले; खऱ्या बॅगेचे सांधे उष्णतेने चिकटवलेले असतात, किंवा शिवलेले असले तरी त्यांवर आतून टेप असतो. तंबूच्या शिवणींवरही पाणी आत झिरपू नये म्हणून आतून लावतात तो टेप नव्हताच.

विक्रेत्याकडे परत गेल्यावर तो म्हणाला, ‘‘ताई, माल तुम्हीच बदलला असेल.’’ त्याच्या कागदावर दुकानाचे नाव नव्हते, आणि मी केलेले यूपीआयचे पैसे तिसऱ्याच व्यक्तीच्या खात्यात गेले होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, मी तक्रार नोंदवली. आता २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची तयारी चालू आहे. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. पक्के बिल असते तर हे काम कितीतरी सोपे झाले असते. आता माझ्या हातात यूपीआयची नोंद, व्हॉट्सअॅपवरचे बोलणे आणि हौदाजवळ मुलाने काढलेला व्हिडिओ एवढेच आहे.

नवीन जॅकेट्स घेताना मी प्रत्येक नग स्वतः उघडून पाहिला, पक्के बिल घेतले आणि सहाही जॅकेट्स रात्रभर मापांसह हौदात ठेवली. गोसीखुर्दचा बेत दोन महिने पुढे गेला.

जुन्यांपैकी दोन जॅकेट्स पुरावा म्हणून कापडात बांधून ठेवली आहेत. उरलेल्या चारांचे सगळे पट्टे आणि बकले मी कापून टाकली आणि मगच ती भंगारवाल्याला दिली, कारण धड दिसणारे जॅकेट कोणीतरी उचलून आपल्या मुलाच्या अंगात घालेल, ही भीती मला होती.