दोरी की फासे?

फेब्रुवारी 2024 मध्ये आठवडाभराच्या अंतराने दोन मल्याळम सिनेमे आले, 'भ्रमयुगम' आणि 'मंजुम्मेल बॉइज'. दोन्हींत माणूस अडकतो. पहिल्यात पडक्या वाड्यात, दुसऱ्यात कोडाईकनालच्या गुणा गुहेत.

'मंजुम्मेल'ची गोष्ट 2006 साली खरी घडलेली. सुरुवातीला ही कोचीजवळची पोरं एका लग्नात रस्सीखेच खेळतात आणि आपल्याला वाटतं, नुसता टाइमपास चाललाय. पुढे मित्र खोल कपारीत पडतो, त्यांच्यातलाच कुट्टन दोरीला बांधून खाली उतरतो, आणि वर तीच पोरं तीच दोरी ओढतात. तेव्हा तो टाइमपास आठवून घशात आवंढा येतो. पावसाचं पाणी खाली जाऊ नये म्हणून कपारीच्या तोंडाशी आडवी पडणारी पोरं मी तरी विसरणार नाही. पहिला अर्धा तास मात्र जरा पसरट आहे, दहा-बारा जणांत कोण कोण हे कळेपर्यंत चहा गार होतो.

'भ्रमयुगम' काळा-पांढरा, सतराव्या शतकातला. मामुट्टीचा पोट्टी, म्हणजे वाड्याचा मालक, पळून आलेल्या गायकाला, तेवनला, फासे खेळायला बसवतो. पणाला काय, तर तेवनच्या आयुष्यातला वेळ! पैसा नाही, जमीन नाही, वेळ. गुलामगिरीची इतकी थंड व्याख्या क्वचितच दिसते. दिग्दर्शक राहुल सदाशिवनने भुताऐवजी सत्तेची भीती दाखवलीय.

घरच्यांसोबत बसायचं तर 'मंजुम्मेल'च लावा. एकट्याने, दिवे मालवून बघायचा तो 'भ्रमयुगम', आणि माझं मत त्यालाच.