भोरड्या (गुलाबी मैना) कधी येतात, कधी जातात: ई-बर्ड, आयनॅचरलिस्ट की स्वतःची मोजणी?

मराठवाड्यात कोणता पक्षी कोणत्या ऋतूत कुठे असतो, यावर प्रकल्प करायचा तर लोकांनी केलेल्या नोंदी दोन संकेतस्थळांवर फुकट मिळतात: ई-बर्ड आणि आयनॅचरलिस्ट. माझं मत आधीच सांगते, ऋतूंसाठी ई-बर्डच घ्या.

पाहिलेल्या पक्ष्यांची यादी पाठवताना ई-बर्ड विचारतं, ओळखता आलेले सगळे पक्षी यात लिहिलेत का? किती वेळ पाहिलं, किती चाललात, तेही भरावं लागतं. त्यामुळे पैठणला नाथसागराच्या काठावर कुणी पाऊण तास उभं राहिलं आणि त्याच्या पूर्ण यादीत पट्टकादंब (हिवाळ्यात येणारा हंस) नाही, तर 'दिसला नाही' हीसुद्धा नोंद ठरते. दर महिन्याच्या शंभर याद्यांपैकी कितींत तो आहे, एवढं काढलं की त्याचं येणं-जाणं कळतं. आयनॅचरलिस्टवर एकेका पक्ष्याचा फोटो असतो. फोटो नाही म्हणून पक्षी नव्हता, असं म्हणता येत नाही. मात्र तीरचिमण्यांसारख्या मिळत्याजुळत्या पक्ष्यांची ओळख तिथे जास्त पक्की होते, कारण फोटो पाहून इतर जाणकार नाव तपासतात.

भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा 2023चा अहवाल ई-बर्डच्याच सुमारे 3 कोटी नोंदींवर उभा आहे आणि त्यात 942 प्रजातींचा आढावा आहे. पण आपल्याकडे लोक पक्षी पाहायला जातात ते हिवाळ्यात, सुट्टीच्या दिवशी, शहराजवळच्या पाणवठ्यावर. मे महिन्याच्या उन्हात हिंगोलीच्या शिवारात कोण जाणार? म्हणून नुसत्या नोंदी मोजू नका, याद्यांमधलं प्रमाण काढा. जानेवारीत पक्षी वाढले की पाहणारे, हे त्याशिवाय समजत नाही.

राहिलेली भोकं स्वतःच भरावी लागतात. एकच पांदण, दर पंधरवड्याला, सकाळची तीच वेळ, पंधरा मिनिटं. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचा थवा कणसांवर उतरतो, माळ्यावरून गोफण फिरली की एकदम उठतो, वळतो आणि शेजारच्या रानात बसतो. तेव्हा दहाचा घोळका नजरेत धरायचा आणि असे किती घोळके आहेत ते मोजायचं. ही यादीही ई-बर्डवर टाका; घरात जुन्या डायऱ्या असतील तर त्यांतल्या नोंदीही मूळ तारखेने टाकता येतात.

वर्षभर वेळ असेल तर ई-बर्डवरचं प्रमाण आणि स्वतःची मोजणी, दोन्ही करा. सहाच महिने असतील तर जानेवारीची वाट पाहू नका. भोरड्या ऑगस्टपासूनच यायला लागतात, पांदणीवर तेव्हाच जायला लागा.