फळीवरचं अ‍ॅग्रेगेटम: झाड खणखणीत, बांधणी सुमार

लाकडाच्या फळीवर बांधलेलं डेंड्रोबियम लिंडलेयी हे छोटं ऑर्किड हल्ली ऑनलाइन सहज घरपोच येतं. नर्सरीवाले अजून अ‍ॅग्रेगेटम या जुन्या नावानेच विकतात. बोटभर उंचीचे कंद, प्रत्येकावर एकच जाड पान आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास मधाच्या वासाचे पिवळेधमक, लोंबते घोस. जळगाव-धुळ्यात ग्रीनहाऊसशिवाय छोटं ऑर्किड ठेवायचं तर आमची पहिली पसंती यालाच. ईशान्य भारत, म्यानमार, थायलंडकडचं हे झाड. तिथेही पावसाळा ओला नि हिवाळा कोरडा. आपली डिसेंबर-जानेवारीची कोरडी थंडी त्याला मानवते, फुलायला ती लागतेच.

तक्रार आहे ती बांधणीची. पार्सलमधून येणाऱ्या फळीवर मुळांखाली मॉसची, म्हणजे वाळवलेल्या शेवाळाची, जाड गादी असते आणि वरून कधी कधी तांब्याची तार. दोन्ही काढून टाका. जाड मॉस पावसाळ्यात सुकत नाही, आतली मुळं तपकिरी आणि पोकळ होतात; उन्हाळ्यात तेच एकदा कडक वाळलं की फवारा आत शिरत नाही. तांबं तर मुळांना विषच. फेरबांधणी जूनमध्ये, नव्या मुळांची हिरवी टोकं दिसू लागली की करावी. सागाचा किंवा आंब्याचा वीतभर तुकडा घ्या, त्याला रंग-पॉलिश लागलेलं नसावं. मुळं थेट लाकडाला टेकवा, कडेने चिमूटभर मॉस आणि मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने घट्ट आवळा. झाड जरा जरी डुललं तरी नवी टोकं लाकडावर घासून मरतात आणि वर्ष फुकट जातं.

सोबतच्या चिठ्ठीत ‘रोज हलका फवारा’ असतो. बंगळूरला चालेल, भुसावळच्या 45 अंशांत तो दहा मिनिटांत उडून जातो. अख्खी फळी बादलीत 10-15 मिनिटं बुडवा, पांढरी मुळं हिरवी दिसेपर्यंत. एप्रिल-मेमध्ये रोज सकाळी, झळा फार असतील तर संध्याकाळी पुन्हा एकदा. पावसाळ्यात उघडीप असेल तर एक दिवसाआड. नोव्हेंबरअखेरपासून कळ्या दिसेपर्यंत 8-10 दिवसांतून एकदाच. कंद सुरकुततील, सुरकुतू द्या. तेव्हा दया येऊन पाणी घातलं की फुलांवर पाणी सोडावं लागतं!

बोअरच्या जड पाण्याने मुळांवर पांढरा थर बसतो, टोकं काळी पडतात. आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. आरओमधून वाया जाणारं आणि कूलरच्या टाकीतलं अजिबात नको, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. कूलरची हवा मात्र कामाची. मे महिन्यात फळी त्याच खोलीत, थेट झोत चुकवून, उजेडाच्या खिडकीशी टांगा. ग्रीनहाऊसची निम्मी गरज तिथेच भागते. एरवी पूर्वेची गॅलरी आणि 50 टक्के शेडनेट. पत्र्याच्या शेडखाली नको.

खत वेगळं शोधायला नको. केळीला ठिबकमधून सोडतात तेच 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात), पण लिटरला अर्धाच ग्रॅम, 15 दिवसांतून एकदा, जून ते सप्टेंबर. आधी साध्या पाण्यात भिजवून मगच द्या, कोरडी मुळं खताने भाजतात.

आमचे गुण: झाडाला 5 पैकी साडेचार, बांधणीला दोन, चिठ्ठीला शून्य. मागवायचं तर पाऊस सुरू झाल्यावर. मे महिन्यात कुरिअरच्या तापलेल्या गाडीत झाड शिजून येतं. त्याच झाडाचा फोटो मागा, निदान चार-पाच भरीव कंद मोजून घ्या. मुळं ओरबाडल्यासारखी तुटलेली आणि जुन्या पानांवर दगडफूल चढलेलं दिसलं, तर ते जंगलातून काढून आणलेलं असण्याचा संभव मोठा. तसलं कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.