जुन्या डेस्कटॉपमध्ये वाढवलेल्या डिस्क: लगीनसराई आणि उन्हाळ्यानंतरचा अनुभव

सांगलीच्या गावभागात लग्नपत्रिका आणि अल्बम डिझाइनचे आमचे काम ज्या डेस्कटॉपवर चालते, त्यात तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर आणि एच-61 चिपसेटचा (बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणाऱ्या चिपचा) मदरबोर्ड आहे. दिवाळीनंतर त्यात 500 जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर डेटा साठवणारी डिस्क) आणि 4 टीबीची हार्ड डिस्क बसवली. मूळची डिस्कही ठेवली. लगीनसराई आणि उन्हाळा दोन्ही पार पडल्यामुळे आता मत द्यायला हरकत नाही.

एच-61 चिपसेटवर साटाची, म्हणजे डिस्क जोडण्याची, चारच पोर्ट मिळतात आणि चारही सेकंदाला 3 गिगाबिटची. त्यामुळे एसएसडीचा वेग सेकंदाला 300 एमबीच्या आतच अडतो आणि 'जुन्या मशीनला एसएसडी कशाला' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु विंडोज सुरू होणे, फोटोशॉप उघडणे, शेकडो फोटोंच्या फोल्डरची थंबनेल दिसणे या कामांत डिस्कवर विखुरलेल्या लहान-लहान फायली वाचाव्या लागतात, आणि हार्ड डिस्कचा बहुतेक वेळ हेड (डेटा वाचणारे टोक) योग्य जागी नेण्यातच जातो. एसएसडीत तो वेळ जवळजवळ उरत नाही. म्हणूनच पोर्टची मर्यादा आमच्या कामात कधी जाणवली नाही. नव्याने विंडोज टाकण्याआधी बायोसमध्ये (मशीन सुरू होताच चालणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्रॅममध्ये) साटा मोड 'एएचसीआय', म्हणजे डिस्कशी बोलण्याची नवी पद्धत, असल्याची मात्र खात्री करून घ्यावी.

4 टीबीच्या डिस्कबाबत एवढेच, की डिस्कचे भाग नोंदवण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीत 2 टीबीपुढची जागा वापरता येत नाही, म्हणून ती नव्या जीपीटी पद्धतीची करावी लागते. विंडोज त्याच डिस्कवरून सुरू करायचे नसेल तर जुना बायोसही आड येत नाही. विंडोज तिची जागा 3.63 टीबी दाखवते, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज 1024 च्या.

खरा त्रास झाला तो किरकोळ समजल्या जाणाऱ्या वस्तूंचा. मोठी फाइल कॉपी होत असताना मोठी डिस्क मधूनच गायब होई आणि रीस्टार्ट केल्यावर परत दिसे. दुकानदाराचा सल्ला डिस्क बदलण्याचा होता. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पाहिले तर 'रीअलोकेटेड सेक्टर' (खराब झाल्याने बदललेल्या जागा) शून्य होते. वाढत होता तो 'अल्ट्राडीएमए सीआरसी एरर'चा, म्हणजे डेटा ने-आण करताना झालेल्या चुकांचा, आकडा. तो बहुधा डिस्कच्या पृष्ठभागाचा नव्हे, तर डेटा केबलचा किंवा सैल जोडणीचा दोष असतो. क्लिप असलेली नवी केबल लावली आणि आकडा जिथल्या तिथे थांबला. तो पुन्हा शून्यावर येत नाही, हे ठाऊक असावे, नाहीतर उगीच धास्ती वाटते.

दुसरी बाब एसएमपीएसची, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याची. साडेतीन इंची डिस्क चालू स्थितीत सात-आठ वॅटवर भागवते, पण फिरायला सुरुवात करताना 12 व्होल्टच्या लाइनवर काही क्षण सुमारे दोन अँपिअर ओढते. दोन डिस्क एकदम फिरू लागल्या की जुना एसएमपीएस दम टाकतो आणि सकाळी मशीन पहिल्या झटक्यात उठत नाही. आम्ही एसएमपीएस बदलला आणि माझ्या मते एसएसडीखालोखाल तोच खर्च सर्वांत सार्थकी लागला. मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या वीजजोडणीवरून) साटा पॉवर देणारी स्वस्त, अखंड साच्यातली कनेक्टर टाळावीत. ती वितळल्याची उदाहरणे आहेत.

एप्रिल-मेमध्ये एकमेकींना खेटून बसवलेल्या डिस्कचे तापमान पन्नाशीला टेकले, तेव्हा मधला एक कप्पा रिकामा सोडून समोर 120 मिलिमीटरचा पंखा लावला आणि ते बेचाळीसच्या आसपास आले.

एकाच कॅबिनेटमधल्या दुसऱ्या डिस्कवर ठेवलेल्या प्रतीला बॅकअप समजू नये, हे गावभागातल्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही. 2019 आणि 2021 चा कृष्णेचा पूर सर्वांच्या लक्षात आहे. संपलेल्या ऑर्डरींची एक प्रत यूएसबी डिस्कवर घेऊन ती विश्रामबागला भावाच्या वरच्या मजल्यावरच्या घरी ठेवतो.

विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि विंडोज 11 च्या अधिकृत यादीत हा प्रोसेसर बसत नाही. त्यामुळे हे मशीन फार तर आणखी एक लगीनसराई काढेल. एसएसडी, मोठी डिस्क आणि एसएमपीएस मात्र पुढच्या मशीनमध्ये जातील. नव्या बोर्डांवरही साटा पोर्ट असतातच.