नवी दिल्लीची शंभरी: डिसेंबरात बुराडीला की फेब्रुवारीत रायसीनाला?

१३ फेब्रुवारी २०३१ ला नव्या दिल्लीच्या उद्घाटनाला शंभर वर्षं होतील. गावाकडच्या पाहुण्यांना बोलावून एक दिवसाची फेरी काढावी, असं इथल्या बऱ्याच मराठी मंडळींच्या डोक्यात आतापासून घोळतंय. घोडं अडतं ते तारखेपाशी. काहींचं म्हणणं, राजधानी दिल्लीला आणायची घोषणा १२ डिसेंबरची (१९११), तेव्हा २०३० च्या डिसेंबरातच बार उडवू. बाकीचे म्हणतात, फेब्रुवारीपर्यंत थांबा. वार बघून निकाल लावावा तर दोन्ही दिवशी गुरुवारच येतो. मी दोन्ही करून पाहिलंय, म्हणून हे चार शब्द.

गोष्टी सांगायच्या तर डिसेंबर उजवा, हे आधीच मान्य करतो. ती घोषणा झाली तो बादशहा पंचम जॉर्जचा १९११ चा दरबार बुराडी रस्त्यावरच्या कोरोनेशन पार्कात भरला होता. तिथे त्याची आठवण म्हणून दगडी स्तंभ आहे. इंडिया गेटमागच्या छत्रीतून १९६८ मध्ये हलवलेला पंचम जॉर्जचा पुतळाही आता इथेच उभा आहे. आणि सयाजीराव! बडोद्याच्या महाराजांनी याच दरबारात दागिन्यांचा थाट टाळला, हातात छडी घेऊन आले, एकदाच जेमतेम मान लववली आणि बादशहाकडे पाठ करून चालते झाले. केवढा गहजब झाला त्यावर! ही गोष्ट त्या जागेवर उभं राहून सांगण्याची मजा वेगळीच. "नक्की कुठे वळले हो?" असं कोणी ना कोणी विचारतंच.

मला मात्र ती जागा दाखवताच आली नाही. घोषणेची शंभरी २०११ मध्ये झाली. तेव्हा आदल्या दिवशी, रविवारी, मी फेरी ठेवली होती. पाहुणे पुण्याहून रात्रीच पोचायचे होते, ते सकाळी सातला मथुरेच्या अलीकडे धुक्यात अडकलेले. दर तासाला फोन, दर तासाला तेच उत्तर, "अजून हलली नाही." इकडे आम्ही दिल्लीकर पार्कात जमलो, तर वीस पावलांवरचा स्तंभ दिसेना. मी हात दाखवून "हा समोर" म्हणतोय आणि माणसं पांढऱ्या भिंतीकडे बघून माना डोलावतायत. मोठ्या डब्यातले कांदेपोहे गार होऊन असे बसले की चमच्याने तुकडे पाडावे लागले. गाडी आली दुपारी चारला. डिसेंबरात साडेपाचला अंधारतं. आलेल्यांनी चहा घेतला, शाली गुंडाळल्या आणि झोपले. दर वर्षी असंच होतं असं नाही. आमचं नशीबच फुटकं असेल. पण पाहुणे बाहेरगावचे असतील तर हा जुगार मी पुन्हा खेळणार नाही.

फेब्रुवारीतली फेरी मी पुढे काही वर्षांनी काढली, निम्मी माणसं घेऊन. ऊन कोवळं, स्वेटर दहापर्यंत कमरेला. अडचणी आहेत: संसदेचं अधिवेशन असतं, बंदोबस्त कडक, घोळका दिसला की शिट्टी. पंधरा-वीसच्या वर माणसं नेऊ नयेत, ध्वनिक्षेपकाचं तर नावच काढू नका. पण इंडिया गेटकडून विजय चौकाकडे चालत चला. समोरचं राष्ट्रपती भवन खाली खाली जातं आणि चौकात पोचेतो नुसता घुमट उरतो. बरोबरच्या मावशी ओरडल्याच, "अहो, घर बुडालं की!" हा रायसीना टेकडीचा तो चढ, ज्यावरून नव्या दिल्लीचे वास्तुरचनाकार लट्येन्स आणि बेकर यांचं बिनसलं. लट्येन्सनं नकाशावर सही आधीच केली होती, चूक लक्षात आली तोवर उशीर झालेला. नेपोलियन जिथे हरला त्या वॉटर्लूच्या चालीवर तो याला आपलं 'बेकरलू' म्हणायचा. वर गेलं की सचिवालयांपुढे डोक्यावर जहाज मिरवणारे चार स्तंभ दिसतात, तेही त्याच १९३१ च्या आठवड्यातले.

"इंग्रजांचा सोहळा आपण कशाला साजरा करायचा?" असं विचारणारा प्रत्येक गटात एक असतो, आणि त्याचं काही चुकत नाही. त्याला याच टेकडीवर उत्तर मिळतं. मोतीलाल नेहरू ६ फेब्रुवारीला गेले, १३ ला व्हाइसरॉय आयर्विननं शहराचं उद्घाटन केलं आणि १७ ला गांधीजी त्याच व्हाइसरॉय हाउसमध्ये, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनात, त्याच्यासमोर बोलणी करायला बसले. ५ मार्चला करार. नवी राजधानी पुरती वापरात यायच्या आत तिचा मालक वाटाघाटींना बसला होता. बुराडीच्या स्तंभापाशी हे सांगता येतं, दाखवता येत नाही.

सयाजीरावांसाठी जीव तुटत असेल, तर इंडिया गेटजवळ बडोदा हाउस आहे, लट्येन्सनंच आखलेलं. आत सरकारी कार्यालय असल्यानं फाटकाबाहेरूनच बघावं लागतं, पण पाठ फिरवल्याची गोष्ट तिथेही रंगते, आणि ऐकणाऱ्यांना ती वास्तू दिसत असते.

तरीही डिसेंबरच ठरला, तर पाहुण्यांना दोन दिवस आधी बोलवा, आणि ते स्टेशनवर उतरल्याचा फोन आल्याशिवाय पोहे भिजवू नका.