नाशिकरोडला गुर्ना सलग वाचायचा असेल तर काकांचं वाचनालय

बिटको चौकातून जेल रोडला लागलात की थोडं पुढे एका गल्लीत हे दुकान आहे. पाटीवर नाव नाही, ‘पुस्तके भाड्याने मिळतील’ एवढंच रंगवलंय. आमच्या भागात सगळे त्याला काकांचं वाचनालय म्हणतात. अनामत ५०० रुपये, महिन्याचे १५०, एका वेळी दोन पुस्तकं. संध्याकाळी पाच ते नऊ उघडं, बुधवारी बंद.

मराठी पुस्तकं भरपूर आहेत आणि दिवाळी अंक वेळेवर येतात. पण ते बऱ्याच ठिकाणी मिळतं. मला लिहायचंय ते मागच्या भिंतीवरच्या इंग्रजी कपाटाबद्दल. काकांना एखादा लेखक आवडला की ते त्याची मिळतील तितकी सगळी पुस्तकं जमवतात आणि प्रकाशनाच्या सालाप्रमाणे लावतात. बक्षीस मिळालेलं एक पुस्तक आणून ठेवलं की काम झालं, असं ते मानत नाहीत. अब्दुलरझाक गुर्ना यांच्या कादंबऱ्यांची तिथे अशीच रांग लागली आहे, १९८७ च्या ‘मेमरी ऑफ डिपार्चर’पासून. साहित्याचं नोबेल त्यांना मिळालं २०२१ साली, तोवर त्यांच्या दहा कादंबऱ्या आल्या होत्या. यातल्या निम्म्यांची नावं मी या कपाटासमोर उभा राहूनच पहिल्यांदा वाचली.

मी एकदा ऑनलाइन त्यांची ‘पॅराडाइज’ मागवली होती. विक्रेत्याने पाठवलेली प्रत उघडउघड चोरून छापलेली. कागद पारदर्शक, शाई पसरलेली आणि मधली पानं दोनदा. आयुष्यभर छपाईच्या कामात राहिलेल्या माणसाला असं पुस्तक हातात धरवत नाही. काकांकडची प्रत जुनी आहे, कडा पिवळ्या पडल्यात, पण बांधणी शाबूत आणि सगळी पानं जागेवर. काकांना माझी ती चोरटी प्रत दाखवली तेव्हा ते एवढंच म्हणाले, “अण्णा, आधी इथे विचारायचं ना.” आता आधी इथेच विचारतो.

गुर्ना यांचा जन्म १९४८ चा, झांझिबारचा. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळचं हे बेट. तिथे अरबी गलबतं यायची आणि आपल्या कच्छ-गुजरातचे व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या दुकानं थाटून होते. इंग्रजांचा अंमल डिसेंबर १९६३ मध्ये संपला आणि जानेवारी १९६४ मध्ये क्रांती झाली. अरबी वंशाच्या लोकांची कत्तल झाली, छळ झाला. पोरगा अठरा वर्षांचा झाला तेव्हा देश सोडून इंग्लंडला आला. पुढे कँटरबरीला शिकला, मध्ये काही वर्षं नायजेरियात कानोच्या विद्यापीठात शिकवलं, १९८२ साली केंट विद्यापीठाची पीएचडी घेतली आणि निवृत्तीपर्यंत तिथेच इंग्रजीचा प्राध्यापक राहिला. मातृभाषा स्वाहिली, लेखन इंग्रजीत. मायदेशी परत पाऊल टाकता आलं ते थेट १९८४ साली. वडील तेव्हा अगदी शेवटच्या टप्प्यावर होते.

ही एवढी माहिती कुठेही मिळेल. ती कादंबऱ्यांमध्ये कशी उतरली हे मात्र ओळीने वाचल्याशिवाय कळत नाही. पहिल्या दोन पुस्तकांत कडवटपणा अंगावर येतो. ‘पिलग्रिम्स वे’मधला दाऊद कँटरबरीच्या दवाखान्यात वॉर्डबॉय आहे आणि रस्त्यात, दारूच्या गुत्त्यात सगळीकडे त्याला आपल्या रंगाची आठवण करून दिली जाते. मग १९८४ ची ती भेट. म्हातारे वडील मशिदीकडे चालत जाताना दिसले आणि परके लोक येऊन आपल्या गावाचा ताबा घेतात तेव्हा लहान मुलाला काय वाटत असेल, हा विचार मनात आला, असं गुर्ना यांनीच सांगितलंय. त्यातून ‘पॅराडाइज’ आली, १९९४ ला. बापाने व्यापाऱ्याचं कर्ज फिटेना म्हणून बारा वर्षांच्या युसुफला त्याच व्यापाऱ्याच्या घरी ठेवून दिलं, तिथून ती सुरू होते. पोराला वाटतं, आपण अझीझ काकांकडे, म्हणजे त्या व्यापाऱ्याकडे, पाहुणे म्हणून चाललोय. ही कादंबरी बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत होती. हे सावकारीचं दुःख समजायला आपल्याकडच्या वाचकाला कुणी काही समजावून सांगायची गरज नाही.

माझी सगळ्यात आवडती ‘बाय द सी’, २००१ ची. तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

मी प्रेसमध्ये नोकरी केली. नाशिकरोडची इंडिया सिक्युरिटी प्रेस, जिथे आपल्या देशाचे पासपोर्ट छापतात. त्या कामात खराब झालेला कागदसुद्धा मोजून जमा करावा लागतो आणि गेटवर रोज झडती होते. त्या पुस्तिकेची किंमत आम्हाला आकड्यांत माहीत होती. एका पानावरचा क्रमांक चुकला तर काय धावपळ उडते, हे पाहिलंय. आणि या कादंबरीत पासष्टीचा सालेह ओमर दुसऱ्याच्या नावाच्या पासपोर्टवर लंडनच्या गॅटविक विमानतळावर उतरतो. ते नाव त्याच्या जुन्या वैऱ्याचं, रजब शाबान महमूदचं. त्याला शिकवून पाठवलेलं असतं की तुला इंग्रजी येतं हे कळू द्यायचं नाही. त्याला सगळं समजत असतं, पण तो गप्प बसतो. समोरचा अधिकारी, केविन एडलमन, त्याची पिशवी उपसतो. कपड्यांत एक लहानशी लाकडी पेटी निघते. तिच्यात ऊद आहे, जाळायचा सुगंधी ऊद, आयुष्यभराच्या संसारातून सोबत आणलेली ती एकच मौल्यवान वस्तू. एडलमन पेटी उघडतो, वास घेतो, विचारपूस करतो आणि शेवटी ठेवून घेतो. गंमत म्हणजे या एडलमनचे स्वतःचे आईबाप रुमानियातून निर्वासित होऊन आलेले.

हा प्रसंग मी वाचला आणि पुस्तक मिटून बसलो. आम्ही टेबलाच्या एका बाजूचे लोक. जी पुस्तिका आम्ही इतक्या जपून तयार करायचो, ती पुढे कुणाच्या हातात, कोणत्या खिडकीसमोर, किती भीतीने धरली जात असेल याचा विचार तिथे करायला वेळ नसायचा. गुर्ना तो विचार करायला लावतात, आणि तेही आवाज न चढवता. पुढे त्याच रजब शाबानचा मुलगा, लंडनमध्ये प्राध्यापक झालेला लतीफ, आपल्या वडिलांच्या नावाने आलेल्या या म्हाताऱ्याला भेटायला येतो आणि एका घरावरून, एका आबनुसाच्या काळ्या टेबलावरून दोन कुटुंबांत चाललेलं वैर हळूहळू उलगडतं. कोर्टकचेरीत घर गमावलेल्या कुटुंबाला तर ही कादंबरी हातातून सोडवणार नाही.

‘डॉटी’ मला रेंगाळलेली वाटली. ‘द लास्ट गिफ्ट’ चांगली आहे, पण आधीच्या वाचल्या असतील तरच तिचं वजन जाणवतं.

‘आफ्टरलाइव्ह्ज’ (२०२०) मात्र घ्याच. जर्मनांच्या ताब्यातल्या पूर्व आफ्रिकेची गोष्ट आहे. त्यातल्या खलिफाचा बाप गुजराती, आई आफ्रिकन, आणि खलिफाची नोकरी दोन गुजराती भावांच्या पेढीवर. हमजा नावाचा तरुण आपणहून जर्मन सैन्यात अस्करी, म्हणजे आफ्रिकी शिपाई, म्हणून भरती होतो आणि पहिल्या महायुद्धात त्याचं शरीर आणि मन दोन्ही मोडतं. आपल्याला शेजारी देवळालीची छावणी माहीत आहे, पण त्या युद्धात हिंदुस्थानी शिपाई आफ्रिकेत लढले हे शाळेत कुणी शिकवलं नाही. नोव्हेंबर १९१४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या टांगा नावाच्या बंदरावर इंग्रजांनी जी फौज उतरवली, ती मुख्यतः हिंदुस्थानी होती आणि तिथे सपाटून हरली. ते डोक्यात ठेवून ही कादंबरी वाचली तर तो समुद्र फार दूरचा वाटत नाही.

नोबेलचा फोन आला तेव्हा गुर्ना स्वयंपाकघरात होते आणि कुणीतरी मस्करी करतंय असं त्यांना वाटलं. त्र्याहत्तरीला आलेला माणूस, चौतीस वर्षं कादंबऱ्या लिहीत होता आणि फार थोड्यांना ठाऊक होता. म्हणूनच मला काकांच्या कपाटाचं मोल वाटतं. बक्षिसाच्या आधीची वर्षं तिथे जागेवर उभी आहेत.

आता दुकानाच्या उणिवा. मागच्या भिंतीजवळ उजेड फार कमी आहे, चष्मा असूनही पुस्तकाच्या कण्यावरची अक्षरं लागत नाहीत. काकांनी तिथे एक ट्यूबलाइट लावावी, मी सांगितलंय. पावसाळ्यात खालच्या फळीला ओल येते. गुर्ना यांच्या ‘डिझर्शन’ची शेवटची पानं त्यामुळे फुगली आहेत, वाचता येतात पण वास येतो. प्रत्येक पुस्तकाची एकच प्रत, म्हणून कधी महिनाभर थांबावं लागतं. फोनवर पुस्तक राखून ठेवत नाहीत, स्वतः जाऊन वहीत नाव लिहावं लागतं. गुर्ना यांचा मराठी अनुवाद त्यांच्याकडे नाही. माझ्या पत्नीला इंग्रजी कादंबरी जड जाते, तिला मी प्रसंग तोंडी सांगतो. अनुवाद दिसला की घ्या, असं काकांच्या कानावर घातलंय.

गाडी गल्लीत लावू नका, बाहेर मुख्य रस्त्यावर लावा. गल्लीत समोरून टेम्पो आला की दोघांचीही पंचाईत होते.

नव्या वाचकाने सुरुवात ‘बाय द सी’ने करावी, मग ‘पॅराडाइज’, आणि तिच्या पाठोपाठ लगेच ‘आफ्टरलाइव्ह्ज’. गोडी लागली तर मग पहिल्यापासून सालाप्रमाणे. नोबेलनंतरची पहिली कादंबरी ‘थेफ्ट’ २०२५ साली आली, तीही काकांनी आणली आहे. पर्यटकांनी भरलेल्या आजच्या झांझिबारपर्यंत ती येते, आणि त्यातला बदर नावाचा नोकर पोरगा ‘पॅराडाइज’च्या युसुफचा दूरचा भाऊ वाटावा असा आहे. सध्या ती माझ्याकडे आहे, शुक्रवारी परत करतोय. हवी असेल त्यांनी त्याआधी जाऊन वहीत नाव लिहून ठेवावं.