अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, रोसुव्हास्टॅटिन : आठ महिन्यांचा वापर, आणि मुख्य तक्रार घोट्यांची

पहिल्या दोन गोळ्या बीपीच्या आणि तिसरी कोलेस्टेरॉलची, याहून जास्त लिहायला नको. आधी आकडे. सुरुवातीला घरच्या मशीनवर सरासरी बीपी 158/96, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 168. अ‍ॅम्लोडिपिन 5 मिलिग्रॅमवर सहा आठवड्यांनी बीपी 144/88. डोस 10 केल्यावर 138/85. चौथ्या महिन्यापासून अ‍ॅम्लोडिपिन परत 5 आणि जोडीला टेल्मिसार्टन 40, त्यावर 128/80. रोसुव्हास्टॅटिन 10 पहिल्यापासून, तिसऱ्या महिन्यात एलडीएल 92. आकड्यांबद्दल काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती घोट्यांची, आणि त्यावर मिळणाऱ्या चुकीच्या सल्ल्याची.

अ‍ॅम्लोडिपिन 10 वर गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात सूज आली. कोल्हापुरी पायताण घालणाऱ्याला ती लवकर कळते. सकाळी सैल बसणारा पट्टा संध्याकाळी रुततो आणि काढल्यावर त्याचा वळ अर्धा तास जात नाही. घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठ्याने दहा सेकंद दाबून धरलं की खळगा पडतो आणि हळूहळू भरून येतो. रात्री आडवं झालं की पाणी पांगतं, सकाळी पाय जवळजवळ पूर्ववत. दोन्ही पाय सारखे, दुखणं नाही, लाली नाही. ही गोळीची सूज.

आता राग कशाचा ते. असे पाय दाखवले की औषधाच्या दुकानात चिठ्ठी न मागता लघवीच्या गोळीची, म्हणजे फ्युरोसेमाइडची, पट्टी हातात ठेवली जाते. हा निव्वळ चुकीचा उपाय आहे. बाकीची सूज आणि ही सूज यात फरक आहे. अ‍ॅम्लोडिपिन रोहिणीच्या भिंतीतल्या स्नायूंमध्ये कॅल्शियम शिरण्याचा रस्ता अडवतं. कॅल्शियम नाही तर स्नायू आवळत नाही, नळी सैल पडते, बीपी उतरतं. पण सैल पडतात त्या रक्त आणणाऱ्या बारीक रोहिण्या. रक्त परत नेणाऱ्या नीला तशाच राहतात. उसाच्या सरीत पाटाचं पाणी जोरात सोडलं आणि निचऱ्याचा चर मात्र बुजलेला असला, तर बांध पाझरणारच. केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपतं. गुरुत्वाकर्षणाने ते घोट्यात जमतं. शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं, चुकीच्या जागी गेलेलं असतं. म्हणून लघवीच्या गोळीने ही सूज फारशी हलत नाही. उलट सोडियम-पोटॅशियम ढळतं, चक्कर येते, पायात गोळे येतात. मग त्या पेटक्यांसाठी पोटॅशियमचं औषध. एका गोळीच्या त्रासावर दुसरी, दुसरीच्या त्रासावर तिसरी. ज्यांना फ्युरोसेमाइड हृदयासाठी किंवा किडनीसाठी दिलेलं आहे त्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी ते स्वतःहून बंद करू नये.

तिसऱ्या महिन्यात अ‍ॅम्लोडिपिन कायमचं बंदच करावं असं मत झालं होतं. ते आता बदललं आहे. दोष गोळीपेक्षा डोसचा होता. गोळीच्या माहितीपत्रकातले चाचण्यांचे आकडे असे: 2.5 मिलिग्रॅमवर सूज 1.8 टक्के लोकांना, 5 वर 3 टक्के, 10 वर 10.8 टक्के. डोस दुप्पट, त्रास साडेतीन पट. आणि फायदा? वर दिलेले आकडेच बघा, 144 वरून 138. 42 चाचण्या एकत्र करून 2009 मध्ये झालेल्या अभ्यासात दिसलं की एकाच गोळीचा डोस दुप्पट करण्यापेक्षा वेगळ्या गटातली दुसरी गोळी जोडल्यावर बीपी सुमारे पाच पट जास्त उतरतं. म्हणजे 5 वर बीपी भागत नसेल तर 10 मागण्याआधी डॉक्टरांना जोडगोळीबद्दल विचारा.

टेल्मिसार्टन इथे दोन कामं करतं. अँजिओटेन्सिन नावाचं संप्रेरक नळ्या आवळतं आणि मीठ धरून ठेवायला लावतं, त्याची जागा ही गोळी अडवते. शिवाय ती नीलाही सैल करते, म्हणजे बुजलेला चर मोकळा होतो आणि घोट्यांवरचा ताण कमी होतो. डोस 5 केल्यावर आणि टेल्मिसार्टन जोडल्यावर सूज दोन आठवड्यांत उतरली. दोन दिवसांत निकाल मागू नका. अ‍ॅम्लोडिपिन रक्तातून निम्मं व्हायलाच 30 ते 50 तास लागतात. त्याच कारणाने एखाद्या दिवशी गोळी चुकली तर बीपी लगेच उसळत नाही. आठवण होताच घ्यावी, पण दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नयेत. एवढं करूनही सूज राहिली तर त्याच गटातलं सिल्निडिपिन आहे. ते नीलांच्या बाजूनेही काम करतं म्हणून सूज कमी येते. किंमत जास्त पडते, त्यामुळे आधी डोस कमी करून बघणं खिशाला बरं.

प्रत्येक सूज मात्र गोळीच्या नावावर घालू नका. एकच पाय सुजला, पोटरी गरम आणि दुखरी झाली तर शिरेत गुठळी असू शकते, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आडवं झाल्यावर दम लागत असेल तर हृदय तपासा. सकाळी डोळ्यांखाली सूज आणि लघवीला फेस असेल तर किडनी तपासा.

टेल्मिसार्टनबद्दल एक गोष्ट इथल्या, म्हणजे कोल्हापूरच्या, हवेत फार महत्त्वाची आहे आणि काउंटरवर कोणी सांगत नाही. ही गोळी हवेतला ओलावा ओढते. आठवड्याच्या सात खणांच्या डबीत पट्टीतून सोडून ठेवली तर जून ते सप्टेंबरच्या दमट दिवसांत मऊ पडते, बोटाला चिकटते. पंचगंगेला पाणी चढतं त्या आठवड्यांत तर घरातलं मीठसुद्धा पाझरतं, तिथे गोळीचं काय. घ्यायच्या क्षणीच पट्टीतून काढावी. डबी वापरायचीच असेल तर पट्टी कात्रीने कापून, गोळी वेष्टनातच ठेवून तुकडे खणात घालावेत.

टेल्मिसार्टन सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) आणि पोटॅशियम तपासावं लागतं. ही गोळी पोटॅशियम धरून ठेवते. म्हणून दुकानात मिळणारं कमी सोडियमचं मीठ हिच्याबरोबर स्वतःहून सुरू करू नये, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. साधंच मीठ कमी करावं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक चमचासुद्धा नाही. मिसळीचा कट, वरची शेव-फरसाण, पाव, मग जेवणात खरडा, लोणचं, पापड धरलं तर हा चमचा दुपारपर्यंतच संपतो. जुलाब-उलट्या सुरू झाल्या की टेल्मिसार्टन थांबवायचं का ते डॉक्टरांना फोन करून विचारावं, कारण अंगातलं पाणी कमी असताना ही गोळी किडनीला जड जाते. गर्भवतींनी ती घ्यायचीच नाही.

गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन सर्रास घेतलं जातं. ते मीठ-पाणी धरून ठेवतं, बीपी वाढवतं आणि घोटेही सुजवतं. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि दुखण्याची गोळी ही तीन एकाच माणसाच्या पोटात गेली तर किडनी अचानक बसू शकते. काउंटरवरून मिळालेलं फ्युरोसेमाइड म्हणूनच इतकं खटकतं. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पुरतंय का ते आधी बघा.

रोसुव्हास्टॅटिनबद्दल लिहिण्यासारखं कमी आहे, कारण त्रास कमी झाला. यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणारं एक एन्झाइम ते अडवतं. यकृताला कमी पडलं की ते रक्तातलं एलडीएल ओढून घेण्यासाठी जास्त हात बाहेर काढतं. इथेही तोच धडा, डोस दुप्पट केला की एलडीएल जेमतेम 6 टक्के आणखी उतरतं. आशियाई लोकांच्या रक्तात ही गोळी जास्त साठते म्हणून माहितीपत्रकात 5 ने सुरुवात सुचवली आहे. आपल्याला 10 का दिली हे विचारायला हरकत नाही. वेळ कोणतीही चालते, रात्रीचीच पाहिजे असं नाही. पित्तासाठी ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं पातळ औषध घेत असाल तर ते गोळीनंतर दोन तासांनी घ्या, नाहीतर निम्मी गोळी वाया जाते. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध रोज पेलाभर चालू ठेवून गोळीकडून सगळी अपेक्षा करणं बरोबर नाही, म्हशीच्या दुधातली चरबी एलडीएल वाढवते.

स्टॅटिनने, म्हणजे रोसुव्हास्टॅटिनच्या गटातल्या गोळ्यांनी, अंग दुखतं ही भीती मात्र प्रमाणाबाहेर आहे. त्रास झाला म्हणून स्टॅटिन सोडलेल्या 60 जणांवर 2020 मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. स्टॅटिनवर जाणवलेल्या त्रासाचा सुमारे 90 टक्के भाग औषध नसलेल्या गोळीवरही जाणवला होता. तरी दोन्ही मांड्या-दंड सारखे दुखू लागले, जिना चढताना बळ कमी पडलं किंवा लघवी चहासारखी गडद झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी) करा. रक्तातली साखर किंचित वाढू शकते, मधुमेहाच्या सीमेवर असणाऱ्यांनी एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) बघत राहावं.

पैशाचं म्हणाल तर कंटेंट आणि मिलिग्रॅम तेच असूनही कंपनी बदलली की पट्टीची किंमत कित्येक पट होते. जनऔषधी केंद्रातल्या गोळ्यांवर महिन्यांमागून महिने बीपीच्या वहीत फरक पडला नाही. टेल्मिसार्टन 40 आणि अ‍ॅम्लोडिपिन 5 एकाच गोळीत मिळते, ती घेण्याआधी सुट्या दोन पट्ट्यांची बेरीज करून बघा. ती दोन थरांची असेल तर अर्धी करू नका, कोणत्या अर्ध्यात काय गेलं ते कळत नाही.

गोळी बदलल्यावर ती लागू पडली का हे दवाखान्यातल्या एका आकड्यावरून ठरवू नका. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसायचं. चहा किंवा तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्यायचा. कफ उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीत. सकाळी गोळीआधी दोन आणि संध्याकाळी दोन आकडे, मध्ये एक मिनिट, असे सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. घरी ती 135/85 च्या खाली हवी. दंड जाड आणि कफ लहान असेल तर आकडा खोटा वाढतो आणि नको असलेला डोस चढतो. त्याच वहीत संध्याकाळी घोट्याच्या हाडाच्या चार बोटं वर टेपने पायाचा घेर मोजून लिहावा. 10 मिलिग्रॅमवर तो सकाळपेक्षा अडीच सेंटिमीटर जास्त भरायचा. आता फरक अर्ध्या सेंटिमीटरचा आहे.